गुळव्याची साखर

आप्पांचा पाय भाजला आणि ते त्यांना कळलंच नाही.

माझे वडील गुळव्या आहेत. कोल्हापूरपासून अर्ध्या तासावर नदीकाठाला आमचं गाव, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर ते गुऱ्हाळ, जिथं त्यांनी तीस हंगाम काढले. गुळव्या म्हणजे पाक कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस. चुलवाणाच्या भट्टीवर भल्यामोठ्या काहिलीत उसाचा रस दोन-तीन तास रटरटत असतो आणि त्याच्यासमोर हा उभा. थोडा आधी उतरवला तर गूळ बांधत नाही, थोडा उशीर झाला तर करपतो. मधली जी दोन मिनिटं असतात, ती गुळव्याची. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. बुडबुडा बघायचा, वास घ्यायचा, गार पाण्यात हात बुडवून चिमटीत उकळता पाक उचलायचा, त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. टण् वाजली की उतरवा.

असा माणूस. त्याला स्वतःचा पाय भाजलेला कळला नाही.

फेब्रुवारीतली सकाळ होती. आप्पा पायरीवर बसून दात घासत होते आणि आई अंगण झाडत होती. झाडता झाडता ती थांबली.

"अवो, हे काय?"

"काय?"

"तळपायाला. अंगठ्याखाली. फोड फुटलाय की."

आप्पांनी पाय उचलून मांडीवर घेतला आणि शेजाऱ्याचा पाय बघावा तसा बघितला. रुपयाएवढी जागा, लाल, कडेनं पांढरट, मधे ओली.

"निखाऱ्यावर पडला असंल पाय. चुलवाणाम्होरं पडत्यात निखारं."

"कवा?"

"काय म्हाईत."

"काय म्हाईत? निखाऱ्यावर पाय पडला तर माणूस गाव गोळा करतंय, आणि तुमी म्हंतासा काय म्हाईत?"

आप्पा हसले. आई हसली नाही. मी त्याच दिवशी त्यांना शहरात डॉक्टरांकडं घेऊन गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला तेव्हापासून ह्याच बाई बघत होत्या. बघत होत्या म्हणजे काय, आप्पा हंगाम संपला की एकदा जायचे, गोळ्या लिहून आणायचे आणि पुढच्या हंगामापर्यंत गायब.

डॉक्टरांनी जखम धुतली, दाबून बघितली, घोट्याजवळ नाडी तपासली. मग एक पेन्सिलीएवढी काडी काढली. तिच्या टोकाला मासे धरायच्या गळाला असतो तसला ताठ दोरा.

"मामा, डोळे मिटा. मी पायाला हा दोरा टेकवते. लागला की हो म्हणायचं."

आप्पांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी दोरा टेकवला. अंगठ्याला. दुसऱ्या बोटाला. चवड्याला डावीकडं, मधे, उजवीकडं. दोरा वाकेपर्यंत टेकवला. मी बघत होते. आप्पांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, शाळेत पोरं प्रार्थनेला उभी असतात तसा शांत चेहरा. टाचेजवळ एकदा "व्हय" म्हणाले. बाकी काही नाही.

थोडा वेळ गेला आणि ते म्हणाले, "करा की चालू, डॉक्टर."

डॉक्टर काडी ठेवून हात धूत होत्या.

मी मोर्चात लाठी बघितली आहे, पुरात घर जाताना बघितलं आहे. पण त्या खोलीत जे वाटलं ते तोवर कधी वाटलं नव्हतं. ज्या पायावर ते तीस वर्षं उभे होते तो पाय त्यांना न सांगता निघून गेला होता. ना दुखलं, ना खुपलं. एवढी शांतपणे होणारी चोरी मी पहिल्यांदाच बघत होते.

साखर तपासली. तीनशेच्या वर.

"मामा, गोड खाता?"

"साखर बंद. दोन वरसं झाली, च्यात बी न्हाय."

"गूळ?"

"गूळ हाय की." आप्पांना प्रश्नच कळला नव्हता. "गूळ म्हंजे साखर न्हवं. च्यात गूळ, दुपारी भाकरीसंगं गूळ, काहिलीवर चव बघायला गूळ. गुळानं काय हुतंय? उलट रगत सुदारतंय. आमच्या पोरीनंच लिवलंय की त्ये!"

आणि त्यांनी अभिमानानं माझ्याकडं बोट केलं.

लिहिलं होतं. मी पत्रकं लिहिते. गेली सहा वर्षं हेच करते: नदीत सोडलेलं घाण पाणी, भेसळीचं दूध, बंद केलेली गावाची एसटी. पत्रक लिहायचं तर वाक्य आखूड लागतं, समोर शत्रू लागतो आणि शंका औषधालाही नको असते. तीन वर्षांपूर्वी रसायन न घालता गूळ करणाऱ्यांसाठी मी एक पत्रक लिहिलं, त्याचा मथळा होता 'साखर विष, गूळ अमृत'. चांगलं गाजलं. बसस्टँडवर मी स्वतः वाटलं. आप्पांनी ते गुऱ्हाळाच्या भिंतीला खळ लावून चिकटवलं होतं. नंतर त्यांना मधुमेह निघाला, डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली आणि ह्या माणसानं अगदी आज्ञाधारकपणे विष सोडून अमृत धरलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गुळात लोह असेल, चवही चांगली असेल," त्या म्हणाल्या. "पण रक्तात गेल्यावर तो साखरच. रक्त काही पत्रक वाचत नाही."

आप्पांच्या तोंडाची रया गेली. साखर वाढल्याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं, पण गुळानं दगा दिला हे त्यांना सोसेना. आमच्या भागात गूळ म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. पाव्हणा आला की पाण्याबरोबर गूळ. बाळंतिणीला गूळ. तालमीतल्या पोराला गूळ आणि दाणे. त्याच्यावर वाईट बोलायचं म्हणजे घरातल्या थोरल्यावर बोट ठेवण्यासारखं.

मग त्यांनी फक्त एकच विचारलं. "ह्यो हंगाम गेला म्हना. दिवाळी झाली की पुन्ना गुऱ्हाळ सुरू हुतंय. तवर काहिलीवर उभा ऱ्हातो का न्हाय, एवढं सांगा."

"जखम अजून हाडापर्यंत गेलेली नाही. पायात रक्त पोचतंय. पण साखर अशीच राहिली तर जखम भरणार नाही, आणि मग बोट काढायची पाळी येईल. बोटावर भागलं तर नशीब."

"म्हंजे?"

"म्हणजे निम्मं माझ्या हातात आणि निम्मं तुमच्या. माझं निम्मं मी करते."

परतताना केएमटीच्या बसमध्ये आप्पा खिडकीशी बसले होते. मी शेजारी. माझ्या अंगाची लाही होत होती. स्वतःचा राग आला की माणूस तो दुसऱ्या कुणावर तरी काढायला बघतो, आणि मला तर तेच काम येतं. घरी पोचेपर्यंत मी शत्रू शोधून काढले होते: बिस्किटं, पांढरा पाव, वडापाव, थंड पेयं, आणि आयुष्यभर गोळ्या खायला लावणाऱ्या औषधकंपन्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठा कागद लावला. लाल मार्करनं लिहिलं: भात बंद. गूळ बंद. चहा बंद. रोज दोन तास चालणे. सहा महिन्यांत गोळ्यांपासून मुक्ती.

आई कागद बघून म्हणाली, "आणि जेवायचं काय? कागद?"

आप्पांनी कागद वाचला. नीट, बोट ठेवून वाचला. मग म्हणाले, "पायाला भोक पडलंय आणि दोन तास चालू?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी तर जखम भरेपर्यंत त्या पायावर भारच द्यायचा नाही असं सांगितलं होतं. चालण्याची ओळ मी खोडली.

"ह्या कागदावर येकदम धा गोष्टी हायत," आप्पा म्हणाले. "जाळ बी कमी केला, रसातला चुना बी वाढवला, रस बी दुसऱ्या उसाचा घेतला. मग पाक बिघडला तर कशानं बिघडला ते कसं कळायचं? येका वक्ताला येकच बदलायचं. आणि गोळ्यांचं तू नगो सांगू. ते बाईचं निम्मं हाय."

तिथून पुढं जे सुरू झालं ते मी आजही पुरतं समजावून सांगू शकत नाही. मी फक्त बघितलं.

बोटातून थेंबभर रक्त काढून साखर सांगणारं ते छोटं यंत्र डॉक्टरांनी वापरायला शिकवलं होतं. आम्ही दोघी त्याला घाबरत होतो. आप्पांनी ते पहिल्या दिवसापासून अवजारासारखं हातात घेतलं. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर दोन तासांनी एकदा. आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचा, आणि खाली काय खाल्लं ते. सातवी शिकलेला माणूस. अक्षर असं की ऊस आडवा पडलाय वाटावं. पण चौकट एकही रिकामी नाही.

सोमवारी पोहे खाल्ले, आकडा चढला. मंगळवारी पुन्हा पोहे, तेवढेच, पण आधी वाटीभर मोडाची मटकी. कमी चढला. बुधवारी पोहेच नाहीत. तीन दिवस एकाच गोष्टीचा पिच्छा. मग ज्वारीच्या भाकरीची पाळी आली. ज्वारीची भाकरी म्हणजे साखरेवर रामबाण असं मी ऐकलं होतं, लिहिलंही असतं. आप्पांनी दोन भाकरी खाऊन बघितल्या, दीड खाऊन बघितली, एक खाऊन बघितली. दोनला आकडा भातासारखाच उसळला. एक भाकरी, मेथीची भाजी आणि हरभऱ्याची उसळ, असं घेतलं की शांत.

"भाकरी बी खोटी निगाली," आई म्हणाली.

"खोटी न्हाय गं. हिशोबात पायजे. जाळ हाय त्यो. लागतोय, पर किती ते आपुन बघायचं."

आणि एका रविवारी दुपारी आतून हाक आली, "ये पोरी! हिकडं ये! बघ बघ!" मी धावत गेले, म्हटलं पायाचं काही झालं. आप्पा यंत्र हातात धरून लहान मुलासारखे बघत होते. त्या दिवशी मटणाचा तांबडा रस्सा होता. त्यांनी रस्सा, मटण, कांदा आणि अर्धी भाकरी खाल्ली होती. आकडा जागचा हलला नव्हता.

"रस्सा चालतोय गं! भात न्हाय चालत, रस्सा चालतोय!"

कोल्हापुरात ह्यापेक्षा मोठी बातमी त्या दिवशी कुठं असेल असं मला वाटत नाही.

"चालतोय म्हणून वरपू नगासा," आई म्हणाली. "त्येलाची कट काढूनच वाढनार मी."

चालायचं नव्हतं म्हणून डॉक्टरांनी खुर्चीत बसून हातांचा व्यायाम सांगितला होता. आप्पांनी त्याचंही आपलं करून टाकलं. जेवण झालं की अंगणात खुर्ची, दुखरा पाय स्टुलावर, हातात लांब काठी, आणि पंधरा मिनिटं दोन्ही हातांनी हवेत काहील ढवळायची. रस्त्यानं जाणारे थांबायचे.

"आप्पा, काहील कुठं हाय?"

"प्वाटात."

"मग गूळ कवा निगायचा?"

"खाल्ला हुता, त्योच घालीवतोय!"

आणि ढवळून झाल्यावर आकडा उतरलेला असायचा. नुसते हात हलवले तर रक्तातली साखर उतरते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर, आमच्या अंगणात, आमच्या बापाच्या बोटातल्या थेंबात ते घडताना बघणं वेगळं. मी पहिल्या दिवशी तीनदा विचारलं, यंत्र बरोबर आहे ना? आप्पा म्हणाले, "यंत्राला काय इचारतीस? दंडाला इचार." त्यांचं म्हणणं असं की दंड भुकेले असतात, त्यांना काम दिलं की ते रक्तातून आपापलं ओढून घेतात. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या थांबून म्हणाल्या, "मामा, मी कॉलेजात हे शिकले तेव्हा मला इतक्या सोप्यात कुणी सांगितलं नव्हतं."

एप्रिलमध्ये मामा, म्हणजे आईचा भाऊ, वडगावच्या बाजारातून एक पुडी घेऊन आला. वर लिहिलेलं, साखर मुळासकट जाईल, सर्व गोळ्या बंद. ते वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. अशा पुड्यांवर मी दोन पत्रकं लिहिली आहेत, आणि तरी भिंतीवरच्या माझ्या कागदाची शेवटची ओळ ह्या पुडीसारखीच होती हे मला तेव्हा दिसलं नाही. मी मामाशी कडाकडा भांडले. आप्पांनी पुडी शर्टाच्या खिशात टाकली, पुढच्या भेटीला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ह्यात काय हाय ते म्हाईत न्हाय. म्हाईत नसलेलं मी काहिलीत टाकत न्हाय. तुमी बगा." विषय संपला. माझी दोन पत्रकं एका बाजूला आणि ही तीन वाक्यं एका बाजूला.

मे महिन्यात मी घोळ घातला.

आकडे उतरत होते. उपाशीपोटीची साखर दीडशेच्या आत आली होती. जखम मात्र रेंगाळत होती आणि मला घाई झाली होती. मी आप्पांना म्हणाले, दुपारची भाकरी पूर्ण बंद करून बघू या, फक्त भाजी आणि ताक. एकच गोष्ट बदलायची म्हणता ना, मग हीच बदला. त्यांच्याच नियमात त्यांना पकडलं. ते म्हणाले, डॉक्टरबाईला फोन कर. मी म्हणाले, केला. केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते काठी ढवळत होते. मधेच काठी थांबली. मी वर बघितलं. कपाळावर घाम, शर्ट भिजलेला, हात थरथरत होते, आणि ते माझ्याकडं बघून म्हणाले, "रस आला का?"

"कुठला रस, आप्पा?"

"गाडी लागलीया न्हवं भायेर?"

बाहेर काही नव्हतं. मी यंत्र आणलं, घाईत पट्टी दोनदा पडली. आकडा आला साठच्या खाली. वर चढलेली साखर बघायची सवय झालेली, एवढी खाली कधी बघितली नव्हती. आई आतून धावत आली ती गुळाचा खडा घेऊनच. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवलं होतं: दरदरून घाम, थरथर, भलतंच बोलणं, की आधी गोड द्यायचं. साखर, गूळ, हाताला येईल ते. हे तिनं ध्यानात ठेवलं होतं. मी माझा कागद ध्यानात ठेवला होता.

"तोंड उगडा."

आप्पांनी दात आवळले. "गूळ न्हाय. गूळ बंद हाय."

"उगडा म्हंते न्हवं!"

"न्हाय. त्या बाईला शबुद दिलाय."

"त्याच बाईनं सांगितलंय! उगडा!"

आईनं जबडा धरून खडा आत सारला. जे तीन महिने त्यांनी जिभेवर ठेवलं नव्हतं ते त्यांच्या तोंडात विरघळत होतं. मी समोर बसून त्यांचा चेहरा बघत होते. पंधरा मिनिटांत थरथर थांबली. आकडा नव्वदवर आला. डोळ्यांत माणूस परत आला. परत आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "तात्याच्या हातचा न्हाय ह्यो गूळ. चुना जास्त झालाय." तात्या म्हणजे त्यांच्या गुऱ्हाळात तीस वर्षं जाळ घालणारे आणि रसात चुना टाकणारे, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे.

संध्याकाळी डॉक्टरांसमोर मी खरं सांगितलं. फोन केला नव्हता म्हणून सांगितलं. आप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा समोर बघितलं. ते एवढंच.

"ह्यातली एक गोळी साखर खाली ओढणारी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही भाकरी सोडली हे गोळीला कसं कळणार? ती तिचं काम करतच राहणार. जेवण बदलायच्या आधी मला सांगायचं, मग मी गोळी बदलते. मामा बरोबर करत होते. तुम्ही मधे आलात."

ती गोळी निम्मी झाली. दुपारची एक भाकरी परत आली. घरी जाऊन भिंतीवरचा कागद मी काढला. कुणी काढ म्हटलं नव्हतं.

आणि मग जखम भरायला लागली.

ह्याबद्दल लिहिताना माझ्याजवळचे शब्द कमी पडतात. माझे शब्द भांडायला घडवलेले आहेत. पण मी जे बघितलं ते असं. रोज सकाळी आई आप्पांचा पाय मांडीवर घ्यायची, कोमट पाण्यानं पुसायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची आणि जखमेवर मलमपट्टी करायची. मी बाजूला बसायचे. जून उजाडला तसा जखमेचा रंग बदलला. पांढरट ओलं होतं ते डाळिंबाच्या दाण्यासारखं झालं. मग कडेनं एक पातळ, चकचकीत, गुलाबी रेघ. दुसऱ्या दिवशी बघितलं तर रेघ केसभर आत सरकलेली. कुणी ढकलत नव्हतं. कुणी सांगत नव्हतं. ज्या पायाला दोरा कळत नव्हता, निखारा कळत नव्हता, तो पाय मुकाट्यानं स्वतःला शिवत होता. आप्पा म्हणाले, "दुधावर साय धरती न्हवं, कडेनं मधी? तसं येतंय." मी मान हलवली. सहा वर्षं मी लोकांना सांगत आले की ह्या देशात आपोआप काही होत नाही, सगळं भांडून घ्यावं लागतं. आणि इथं एक माणूस नेमानं एक भाकरी खात होता, हवेत काठी फिरवत होता, सांगितलेली गोळी घेत होता, आणि त्याच्या बदल्यात कातडं येत होतं. दिवसाला केसभर.

जुलैअखेर जखम मिटली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा तो तपासणीचा आकडाही उतरला होता. मी पेढे न्यायला निघाले होते. आईनं शेंगदाणे घेतले आणि तीही आमच्याबरोबर आली.

डॉक्टर म्हणाल्या, "मामा, आनंद करा, पण एक लक्षात घ्या. मधुमेह गेलेला नाही, आटोक्यात आलाय. आणि तळपायाची जाणीव कदाचित परत येणार नाही. हा पाय मुका झालाय. लागलं तरी तो ओरडणार नाही. म्हणून रोज तुम्ही बघायचं, आणि अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. बंद बूट. घरात, दारात, गुऱ्हाळात."

"गुऱ्हाळात?"

"तिथं तर आधी."

मला वाटलं, बूट घालायला काय लागतं? आईला मात्र लगेच कळलं.

आमच्या गुऱ्हाळात काहिलीजवळ कुणी पायताण घालून जात नाही. मालकसुद्धा नाही. उंबऱ्याबाहेर चपलांची रांग असते. रस उकळतो ती जागा लक्ष्मीची, तिथं पायताण म्हणजे देव्हाऱ्यात पायताण. आणि हे सांभाळणारे तात्या. एकदा एका अधिकाऱ्यानं बूट घालून आत पाय टाकला तर तात्यांनी पेटतं चिपाड घेऊन त्याला बाहेर घालवलं होतं.

पावसाळा सरला, आप्पा नव्या बुटांत संध्याकाळी बंधाऱ्यापर्यंत चालायला लागले, दसरा झाला. गुऱ्हाळाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. आकडे उत्तम होते. आणि त्या उत्तम आकड्यांचा माणूस दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. काहिलीवर उभं राहता यावं म्हणून त्यानं पाय वाचवला होता, आणि आता तोच पाय वाचवायचा तर काहिलीवर जाता येत नव्हतं.

मी अर्थातच तयारीला लागले. अंधश्रद्धा, कामगाराची सुरक्षितता, पायाचा हक्क. तात्यांसमोर करायचं भाषण मी मनात तीनदा करून बघितलं. गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आप्पांना म्हणाले, मी येते उद्या, बघते कोण अडवतंय.

"ये. पर तोंड उगडायचं न्हाय."

हंगामाच्या पहिल्या दिवशी काहिलीची पूजा असते. घासून लखलखीत केलेली काहील, आणि तिच्यासमोर सगळी अवजारं ओळीनं मांडलेली: रसावरची मळी काढायचा झारा, पाक ढवळायचं लाकडी फावडं, चुलवाणातली राख ओढायचा दांडा, पाण्याची घागर. सगळ्याला हळद-कुंकू. माणसं जमली होती. आप्पा उंबऱ्यापर्यंत घरच्या बुटांत आले आणि थांबले. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते सोडलं. कोरे करकरीत दुसरे बूट. तळ असा पांढरा की जमिनीला लागलेलाच नव्हता.

ते उंबऱ्यावरच बसले आणि मालकाला म्हणाले, "एवढं ठिवा वळीत. शेवटाला ठिवा."

तात्या पुढं आले.

"काय ह्ये?"

"अवजार हाय."

"पायताण हाय त्ये."

"तुमी चुलवाणाम्होरं बसतासा तवा हाताला वलं पोतं गुंडाळतासा न्हवं, तात्या? पोत्याला कुक्कू लागतंय. माझा पाय गेलाय. निखारा पडला तर मला कळत न्हाय. ह्ये बूट निखारा पायाला लागू देनार न्हाईत. भायेर घालनार न्हाय, घरला नेनार न्हाय. हितंच ऱ्हातील, खुट्टीला, झाऱ्याशेजारी."

भाषणातलं एकही वाक्य तिथं उपयोगाचं नव्हतं.

तात्यांनी आप्पांच्या पायाकडं बघितलं. "दाव."

आप्पांनी बूट-मोजा काढून तळपाय वर केला. गुलाबी वण. तात्यांनी वाकून त्याच्यावर अंगठा दाबला, चांगला जोरात.

"कळतंय?"

"न्हाय."

तात्या सरळ झाले. मग त्यांनी ते कोरे बूट उचलले, झाऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवले, फूलपात्रातलं कुंकू अंगठ्याला लावलं आणि आधी डाव्याला, मग उजव्याला तो टेकवला. "वरसातनं येकदा, पूजेच्या दिशी, ह्ये बी धुवायचं," एवढंच म्हणाले आणि चुलवाणाकडं गेले.

त्या दिवशी दुपारी पहिली काहील उतरली. आप्पा कुंकवाच्या बुटांत उभे होते, एरवीपेक्षा थोडे अवघडून. बुडबुडा बघितला, वास घेतला, गोळी मारली, टण् वाजलं, उतरवा म्हणाले. गूळ गार करायच्या वाफ्यात ओतला. रिवाज असा की पहिला तुकडा गुळव्यानं तोंडात टाकायचा आणि हंगाम कसा जाणार ते सांगायचं. सगळे बघत होते. आप्पांनी कोमट तुकडा मोडला, नाकाशी धरला, उजेडात धरला आणि तात्यांपुढं केला.

"तुमी घ्या."

"मी? मी जाळ घालनारा माणूस."

"घ्या. आणि नीट सांगा."

तात्यांनी तुकडा तोंडात टाकला. "चांगला हाय."

"कसा चांगला? जिभंवर ऱ्हातोय का लगीच जातोय?"

तात्यांनी डोळे मिटले. "ऱ्हातोय."

"कडंला?"

"कडंला उलसं चरचरतंय."

आप्पा मान कलती करून ऐकत होते, आतलं दुखणं ऐकणाऱ्या वैद्यासारखे. दुसऱ्याच्या तोंडातली चव कानानं घेत होते. आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती येत होती, मला दिसत होती, आधी गोडवा, मग ती चरचर.

"चुना," ते म्हणाले. "दुसऱ्या काहिलीला हात राखून टाका."